दोन पिंपं आणि आठ हजार पाकिटं

"कागद आहे, पण नाही," छापखानेवाले फोनवर म्हणाले.

वहिनींनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे एकदा रागाने बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. "म्हणजे नक्की काय? आहे की नाही?"

"आहे हो वहिनी. पण आपल्याकडे नाही."

आता या उत्तरावर माणसाने बोलायचं तरी काय? वहिनींनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि बसून राहिल्या. त्यांच्या डोक्यातल्या गोंधळाची सुरुवात ही इथून झाली. पुढे तो इतका वाढला, की आपण शहाण्या आहोत की वेड्या, हेच त्यांना समजेना.

या वहिनी म्हणजे बियाण्यांच्या दुकानातल्या वहिनी. खरं तर त्या एका माणसाच्याच वहिनी, त्यांच्या धाकट्या दिराच्या. पण दीर दिवसातून पन्नास वेळा "वहिनी, वहिनी" करत हाका मारायचे, म्हणून सगळा बाजार तेच म्हणायला लागला. सत्तरीचे म्हातारेसुद्धा काठी टेकत यायचे आणि विचारायचे, "वहिनी आहेत का?"

दुकान वहिनींच्या नवऱ्याने काढलेलं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून पुढची खोली दीर बघायचे आणि मधली वहिनी. पुढे विक्री, मध्ये पाकिटं भरायचं टेबल आणि अगदी मागे, जिथे ऊन येत नाही, तिथे बियांची पिंपं. वर राहतं घर. वहिनींची लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. वर दीर, धाकटी जाऊ आणि वहिनी, अशी तीन माणसं. स्वयंपाकघर जावेचं आणि मधली खोली वहिनींची, हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण दोघींनी कधी एकमेकींच्या राज्यात लुडबुड केली नाही.

काम ऐकायला अगदी सोपं. पिंपातून बी काढायचं, लहानशा काट्यावर दहा ग्रॅम तोलायचं, पाकिटात ओतायचं, पाकिटाचं तोंड गरम पट्टीखाली दाबायचं. झालं. पण फ्लॉवरचं बी आणि कोबीचं बी शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलंय का? बघा एकदा. तेच तपकिरी गोळे, तोच आकार, तोच रंग. भले भले इथे हात टेकतात. बरं, रोप उगवलं म्हणून सुटका होते असंही नाही. महिनाभर तरी दोघं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. म्हणजे घेणाऱ्याने विश्वास ठेवायचा तो फक्त पाकिटावर जे छापलंय त्यावर. आणि बावीस वर्षांत वहिनींच्या हातून एकदाही फ्लॉवरच्या पाकिटात कोबी गेला नव्हता. एकदाही! लोक मोठ्या कंपन्यांची चकचकीत पाकिटं सोडून इथे यायचे ते त्यासाठी. वहिनींना या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो त्या लपवायच्याही नाहीत. "माझ्या हातचं आहे," असं म्हणून पाकीट पुढे करायच्या.

तर यंदा पाकिटंच आली नाहीत.

पालक, मुळा, गाजर यांची गेल्या वर्षीची उरलेली होती, त्यांचं भागलं असतं. पण घर चालायचं फ्लॉवर आणि कोबीवर. थंडीच्या तोंडावर पाच-सहा आठवडे ही दोन बियाणी विकली जायची, त्यात वर्ष निघायचं. ते आठवडे गेले की गेले. त्यानंतर कोणी फुकट दिलं तरी फ्लॉवरचं बी घेत नाही.

आणि या वर्षी भाऊजींनी सरळच सांगून टाकलं होतं. वाईट मनाने नाही, जेवताना, भाताकडे बघत. "वहिनी, गेली दोन वर्षं आपण कसंबसं रेटलंय. यंदाचा हंगाम हुकला, तर मला पुढची खोली चपलावाल्याला द्यावी लागेल. तो कधीचा मागे लागलाय."

वहिनींनी ताट पुढे सारलं. पुढची खोली गेली म्हणजे दुकान गेलं, दुकान गेलं म्हणजे मधली खोली तरी कशाला? मग आपण काय करायचं? वर जाऊन जावेच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायचं? पन्नास वर्षांच्या आत हातपाय धड असताना?

म्हणून रोज सकाळी दहा वाजता छापखान्याला फोन. हा छापखाना दुसऱ्या गावात, लांब. बावीस वर्षं पाकिटं तिथूनच यायची, पण छापखानेवाल्यांना वहिनींनी कधी पाहिलेलं नव्हतं. नुसता आवाज ओळखीचा. तो आवाज रोज नवीन काहीतरी सांगायचा.

पहिल्या आठवड्यात म्हणाला, आतून चकाकी असलेला कागद मिळत नाही. हा कागदच हवा, कारण साध्या कागदात बी दमट होतं आणि मग उगवतच नाही. का मिळत नाही? तर कागद कारखान्याला लगदा मिळत नाही. लगदा का नाही? तो जहाजाने येतो, जहाज बंदराबाहेर उभं आहे. का उभं आहे? तर बंदरात रिकामे कंटेनर साठलेत, जागाच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, रिकामे कंटेनर मिळत नाहीत म्हणून माल अडकलाय.

"अहो, काल तर म्हणालात की रिकामे फार झालेत!"

"इथे फार झालेत, वहिनी. तिथे नाहीत."

पुढच्या आठवड्यात लगदा आला, तर कारखाना खोक्यांचाच कागद काढतोय, कारण सगळं जग घरबसल्या वस्तू मागवतंय आणि प्रत्येक वस्तूला खोकं लागतं. मग कागद मिळाला तर शाई नाही. शाई मिळाली तर पाकिटाची कड चिकटवायचा डिंक नाही. डिंक मिळाला तोवर औषधवाल्यांची खोकी आधी छापायला घेतली, कारण आजारी माणूस थांबू शकत नाही.

"आणि माझं बी थांबू शकतं होय?" वहिनी म्हणाल्या. पण हळूच. आजाऱ्यांच्या पुढे कसं जायचं?

वैताग असा, की यातलं एकही कारण खोटं वाटत नव्हतं. छापखानेवाले खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. वहिनी टेबलाशी बसून एका वहीच्या मागच्या पानावर रेघा काढायच्या. जहाज, लगदा, कारखाना, शाई, डिंक, ट्रक, आपलं दार. बाण काढता काढता मध्येच एखादा बाण उलटा जायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. "मी फ्लॉवर विकते की जहाजं चालवते?" त्या जावेला विचारायच्या. जाऊ म्हणायची, "ताई, जेवून घ्या आधी."

मग एक दिवस आवाज अगदी खणखणीत आला. "वहिनी, ट्रक निघाला! उद्या सकाळी तुमच्या दारात."

नेमक्या त्याच दिवशी लेकीचा फोन आला, नात तापाने फणफणलीय. वहिनी दोन दिवसांसाठी तिकडे गेल्या. परत आल्या तर ट्रकाचा पत्ता नाही. अर्ध्या वाटेवरून तो दुसऱ्याच कोणाचा तरी माल घेऊन वळला होता. कोणाचा, कुठे, कशासाठी, ते छापखानेवाल्यांनाही नीट सांगता आलं नाही. वहिनींनी विचारणंच सोडलं.

पण हातपाय गाळून बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत. त्याच दुपारी त्यांनी माळा उपसला आणि धुळीने माखलेले नवलकोलच्या पाकिटांचे गठ्ठे खाली काढले. तीन हजार! नवऱ्याने एका वर्षी उत्साहाच्या भरात छापून घेतली होती आणि नवलकोल कोणी विचारलासुद्धा नाही. आता तर दुकानात नवलकोलचं बी औषधालाही नव्हतं. पण पाकिटं उत्तम होती, आतून चकाकी, कडा शाबूत.

"याच्यात भरायचं," वहिनी म्हणाल्या.

"चित्र नवलकोलचं आणि आत फ्लॉवर?" भाऊजी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगायचं. लाल ठिपका फ्लॉवर, हिरवा ठिपका कोबी. चित्राकडे बघू नका म्हणावं."

वर चिकटवायला चिठ्ठ्या मिळाल्या असत्या तर प्रश्नच नव्हता, पण चिकटणारा कागदही त्याच कुठल्याशा जहाजावर होता. ठिपक्यांसाठी जावेने नखांना लावायचा रंग दिला. लाल तिच्याकडे होताच. हिरवा तिने कधीतरी हौसेने घेतला होता आणि एकदाही लावला नव्हता. "बघा, नवलकोलसारखंच माझं," असं म्हणून ती हसली, आणि कितीतरी दिवसांनी त्या खोलीत तिघंही पोट धरून हसली.

चार दिवस वहिनी आणि जाऊ टेबलाशी बसून होत्या. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे रोपवाटिकेचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणत. ते दरवर्षी निम्मा माल उचलायचे, रोपं तयार करून बागवाल्यांना विकायचे. दादा आले, नवलकोलच्या चित्रावरचा लाल ठिपका बघून मिश्किल हसले. "वहिनी, हे काय नवीन?"

"चित्र चुकीचं आहे, बी बरोबर आहे," वहिनी ठणकावून म्हणाल्या. "माझ्या हातचं आहे."

"मग झालं," दादा म्हणाले आणि दीड हजार पाकिटं टेम्पोत घालून गेले. वहिनींचा जीव भांड्यात पडला. हंगाम निम्मा तरी वाचला होता.

बरोबर बारा दिवसांनी, दुपारच्या जेवणाला, भाऊजी सहज बोलून गेले. त्यात मुद्दाम काही नव्हतं. कंबर धरून पाटावर बसता बसता म्हणाले, "ही कंबर अजून बरी होत नाही. त्या दिवशी ट्रकासाठी पिंपं हलवली ना, तेव्हापासून."

वहिनींच्या हातातली पोळी तशीच राहिली. "कुठली पिंपं?"

"फ्लॉवर आणि कोबीची. म्हटलं ट्रक येणार, खोकी ठेवायला कोरडी जागा हवी. तुम्ही नव्हतात. मग ट्रक आलाच नाही, तेव्हा परत जागेवर ठेवली."

आता इथे एक सांगायला हवं. दोन्ही पिंपं सारखीच, निळी, एकाच मापाची. दरवर्षी त्यांच्या पोटावर छापील चिठ्ठी चिकटवलेली असायची. यंदा त्या चिठ्ठ्याही आल्या नव्हत्या. बी आलेली पोती रिकामी होऊन परतही गेली होती. म्हणून वहिनींनी झाकणांवर खडूने लिहिलं होतं. एकावर 'फ्लॉ', एकावर 'को'. पिंपाच्या अंगावर का नाही लिहिलं? कागद का नाही चिकटवला? हे प्रश्न वहिनींनी पुढे स्वतःला इतक्यांदा विचारले, की मोजायची सोय राहिली नाही.

"हलवताना झाकणं काढलीत?"

"काढावीच लागली. कडेला धरल्याशिवाय उचलणार कसं?"

"आणि परत लावताना?"

"लावली की."

"ज्याची त्याला?"

भाऊजींनी घास तोंडात घातला. "लावली असतील ना बरोबर," ते म्हणाले.

असतील! वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. कारण भाऊजी म्हणजे मनाने सोनं, पण हाताला वळण नाही. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणार. एकाची पिशवी दुसऱ्याला देऊन वर "अहो, होतं असं" म्हणून हसणार. दुकानाची किल्ली त्यांनी आजवर सात वेळा हरवली होती. आणि अशा माणसाने दोन सारख्या पिंपांवर दोन सारखी झाकणं लावली होती.

वहिनींचा चेहरा बघून भाऊजी थबकले. वहिनी ताटावरून उठून खाली पिंपांपाशी गेल्या, तेव्हा त्यांनीही चूळ भरली, हात धुतले आणि मागच्या खोलीत आले. "वहिनी, ऐका. बरोबरच लावलीत. आता आठवलं मला. फ्लॉवरच्या झाकणाची कड जरा वाकडी आहे, ते त्याच पिंपाला घट्ट बसतं. दुसऱ्यावर टेकवलं तर बसेना, म्हणून काढून पुन्हा लावलं."

"जेवताना तर 'असतील' म्हणालात."

"तेव्हा आठवलं नव्हतं."

"आणि आता आठवलं?"

"हो."

वहिनींनी दोन्ही झाकणं काढून अदलाबदल करून बघितली. दोन्ही दोन्हीकडे बसत होती, थोडा जोर लावला की. आता यातून काय समजायचं? भाऊजींना खरंच आठवलं, की हंगाम बुडेल या धास्तीने आठवलं? वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि त्यांना काहीच वाचता आलं नाही.

त्यांनी एका चौकोनी डब्यात 'फ्लॉ'चं बी पेरलं आणि एका गोल डब्यात 'को'चं. खिडकीत ठेवले. उगवलं, दोन दोन पानं आली. वहिनी सकाळी एकदा बघायच्या, दुपारी एकदा बघायच्या. सकाळी वाटायचं, चौकोनी डब्यातलं पान लांबट आहे, म्हणजे फ्लॉवर, म्हणजे सगळं ठीक. दुपारी वाटायचं, लांबट कसलं, हे तर गोल. त्यांनी जावेला बोलावलं. जाऊ दोन्ही डब्यांवर वाकून म्हणाली, "ताई, मला तर दोन्हीकडे मेथी दिसते."

"तू जा बाई," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींचं म्हणणं एकच. गप्प बसायचं. "मी सांगतोय ना बरोबर आहे. उगाच कशाला दादांच्या डोक्यात किडा सोडता? त्यांनी माल परत केला तर आपण संपलो."

आणि वहिनी खरंच गप्प बसल्या असत्या. कोणी सांगावं! पण त्याच आठवड्यात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, ट्रक आला.

आला म्हणजे खराखुरा आला. दारात हॉर्न वाजला आणि चालकाने खोकी उतरवायला सुरुवात केली. आठ हजार पाकिटं. निम्म्यांवर पांढराशुभ्र फ्लॉवर, निम्म्यांवर टवटवीत कोबी, रंग असे की हात लावावासा वाटावा. छापखानेवाल्यांचा फोनही आला. "वहिनी, दिला की नाही शब्द पाळून?" कोणता शब्द आणि कधी दिलेला, हे विचारायचं त्राण वहिनींमध्ये नव्हतं.

भाऊजींना काय करू अन् काय नको असं झालं. "अजून तीन आठवडे आहेत! वहिनी, बसा. मी पण बसतो, ही पण बसेल. पंधरवड्यात सगळी भरून होतील."

वहिनी टेबलाशी बसल्या. काटा समोर घेतला. 'फ्लॉ'च्या पिंपातलं बी वाटीत काढलं. फ्लॉवरचं नवंकोरं पाकीट डाव्या हातात धरलं, तोंड उघडलं, आणि उजवा हात पुढे जाईना. महिनाभर ज्या पाकिटांसाठी जीव टाकला, ती आली होती. आणि आता आत काय घालायचं तेच माहीत नव्हतं. ठिपका आपण लावला होता, म्हणून त्यात थोडी तरी शंकेला जागा होती. हे छापलेलं. छापलेलं म्हणजे लोक डोळे मिटून मानणार.

"भरा ना," भाऊजी म्हणाले.

"मला नाही जमत."

"वहिनी, मी शपथेवर सांगतो."

"तुमची शपथ खरी असेल हो भाऊजी. पण मला माहीत नाही ना! मला माहीत नसताना मी माझ्या हातचं म्हणून कसं देऊ?"

"मग माझ्या हातचं म्हणून द्या!" भाऊजी ओरडले. आजवर वहिनींवर त्यांनी आवाज चढवला नव्हता. दोघंही दचकली. जाऊ वरून धावत खाली आली आणि दारातच थांबली.

वहिनींनी पाकीट खाली ठेवलं, चपला घातल्या आणि चालत रोपवाटिकेत गेल्या.

दादा रोपांवर पाणी मारत होते. वहिनींनी झाकणापासून सगळं सांगितलं. सांगतानाही त्यांचा गोंधळ होत होता. चुकलं असेल असं नाही, पण चुकलं नसेल असंही नाही, बहुतेक बरोबर आहे, पण सांगता येत नाही. दादांनी नळ बंद केला. त्यांच्या मागे ट्रेची रांगच्या रांग होती, हिरवी, कोवळी, एकसारखी.

"वहिनी, मी एवढी वर्षं तुमचं पाकीट कधी वाचलं नाही," दादा म्हणाले. "तुमचा चेहरा बघून घेत होतो. म्हणून तर ठिपक्यांवरसुद्धा घेतलं. आता तुमचा चेहरा बघून मी काय घेऊ?"

दादांनी ट्रे उलथवले, उरलेली पाकिटं परत पाठवली आणि मोठ्या कंपनीचं बी आणलं. त्यांचंही बरोबरच होतं. बागवाल्याला कोबी सांगून फ्लॉवर दिला, तर तो पुन्हा पायरी चढेल का?

बाजार तो बाजारच. चार दिवसांत सगळीकडे झालं, वहिनींचं बी यंदा धड नाही. वहिनींनी पाकिटं भरली नाहीत. भाऊजींनी पुन्हा सांगितलं नाही. तीन आठवडे सरले, हंगाम संपला. खिडकीतले ते दोन डबे बघवेनात, म्हणून वहिनींनी ते उचलून मागच्या दाराबाहेर ठेवले आणि वर निघून गेल्या. पुढच्या महिन्यात चपलावाला आला, पुढच्या खोलीची मापं घेतली, फळ्या ठोकल्या. तराजू, काटे, पाट्या मधल्या खोलीत आल्या आणि आठ हजार पाकिटांच्या खोक्यांवर एक चादर पडली.

वहिनी खरोखरच भाजी निवडायला लागल्या. जाऊ बिचारी मुद्दाम थोडी भाजी जास्त आणायची. भाऊजी दुसऱ्या एका दुकानात कामाला जायला लागले. घरात बोलणं होतं, जेवायला या, पाणी तापलंय, एवढंच. वहिनींच्या मनात एकच प्रश्न घोळत राहायचा. आपण केलं ते चांगलं की वाईट? कधी वाटायचं, खरं बोलले, बरं केलं. कधी वाटायचं, खरं कसलं? जे माहीतच नव्हतं ते जगभर सांगत सुटले, याला खरं म्हणतात का?

असे दोन महिने गेले. एका सकाळी भाऊजी मागच्या दाराने वर आले. दोन्ही हातांत दोन डबे, एक चौकोनी, एक गोल. वहिनींसमोर फरशीवर ठेवले. त्यांची नखं मातीने भरलेली होती. ज्या माणसाने जन्मात कधी झाडाला पाणी घातलं नव्हतं, त्याने दाटीतली रोपं काढून प्रत्येक डब्यात एकच ठेवलं होतं, काठीचा टेकू दिला होता, किडे वेचले होते. कोणाला न सांगता, दोन महिने.

गोल डब्यातल्या झाडाची पानं एकावर एक मिटून मुठीएवढा गड्डा धरत होती. कोबी. चौकोनी डब्यात, लांबट पानांच्या मधोमध, लिंबाएवढा पांढरा फ्लॉवर बसला होता. लहान मुलालाही ओळखता आलं असतं.

"झाकणं बरोबर होती," भाऊजी म्हणाले.

जाऊ शेगडीपाशी उभी होती, तिने आच बंद केली. वहिनी त्या लिंबाएवढ्या फ्लॉवरकडे बघत राहिल्या. म्हणजे दादांकडचा एक एक ट्रे बरोबर होता. ठिपके बरोबर होते. ती आठ हजार पाकिटं बिनघोर भरता आली असती.

"मला दुकानाचं नाही वाटत, वहिनी," भाऊजी म्हणाले. "गेलं ते गेलं. पण तो छापखानेवाला. त्याला तुम्ही कधी डोळ्यांनी बघितलंसुद्धा नाही. तो महिनाभर रोज नवीन कारण सांगत होता, जहाज, शाई, डिंक. आज एक, उद्या त्याच्या उलट. त्याचं सगळं खरं मानलंत." त्यांनी चौकोनी डबा हाताने जरा पुढे सरकवला. "आणि मी तुमच्यासमोर उभा राहून एकच गोष्ट सांगत होतो."

वहिनींना सांगायचं होतं, की अहो, तुम्ही आधी 'असतील' म्हणालात. सांगायचं होतं, की तुमच्या जागी दुसरं कोणीही असतं तरी मी हेच केलं असतं. पण ते खरं आहे का, हे त्यांचं त्यांनाच कळेना. दुसरं कोणी असतं तर? छापखानेवाले असते तर? तो फोनवरचा आवाज म्हणाला असता की झाकणं बरोबर आहेत वहिनी, तर आपण "बरं" म्हणून भरायला बसलो असतो का?

बसलो असतो, असं त्यांना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं, भाऊजी," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी मान हलवली. ती हो म्हणून, नाही म्हणून, की जाऊ दे म्हणून, ते वहिनींना कळलं नाही, आणि विचारायचं धैर्यही त्यांना झालं नाही.